भेकराचं कातडं आणि आमचा बोकड

आज आमच्या गटाची पाळी आहे. पापड-लोणच्यावर बोला असं सुचवलं होतं, पण ते आम्ही दोनदा बोलून झालोय. म्हणून आज आमच्या एका फसलेल्या उद्योगाची गोष्ट सांगतो.

गेल्या पौषातली गोष्ट. पोलादपूरच्या वर घाटरस्त्याने आम्ही चौघीजणी सकाळच्या वडापने बाजाराला निघालो होतो. एका वळणावर ड्रायव्हरने गाडी हळू केली. कडेला भेकर पडलेलं. रात्री कुठल्यातरी गाडीने उडवलं असणार. नर होता. कपाळावर केसाळ खुंट आणि त्यावर वीतभरही नसतील एवढी शिंगं, वरच्या ओठातून बाहेर आलेले दोन बारके सुळे. लहानपणापासून रात्री डोंगरात भेकर कुत्र्यासारखं भुंकताना ऐकलंय, पण इतक्या जवळून आमच्यातल्या कोणीच पाहिलं नव्हतं.

आधी वाईट वाटलं. मग आमच्यातली एक म्हणाली, "अगं, याचं कातडं काढून पेंढा भरून शाळेत ठेवलं तर? पोरांना बिबट्या टीव्हीवर दिसतो, पण भेकर दिसत नाही." कल्पना वाईट नव्हती. पण ड्रायव्हर जाणता. तो म्हणाला, "ताई, हात लावू नका. आधी वनखात्याला फोन करा." एकोणीसशे सव्वीस, म्हणजे १९२६ हा वनविभागाचा नंबर. फोन लावला. तासाभराने वनरक्षक आले, मागून गुरांचे डॉक्टर आले, पंचनामा झाला, आणि ते भेकर तिथून नेऊन जाळलं.

वनरक्षकांना आम्ही शाळेचं विचारलंच. त्यांनी शांतपणे समजावलं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मेलेलं रानजनावरसुद्धा सरकारची मालमत्ता असतं. आपल्या हाती आलं तर ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा वनखात्यात सांगून ताब्यात द्यायचं. कातडं, नखं, दात, शिंग, सगळं त्यात आलं. कातड्यात पेंढा भरण्याच्या धंद्यालासुद्धा परवाना लागतो. आमच्यातल्या एकीने हळूच विचारलं, "आणि माळ्यावर जुनं सांबरशिंग असलं तर?" सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. सांबराचं, चितळाचं, भेकराचं शिंग दरवर्षी गळतं आणि पुन्हा येतं. म्हणून लोकांना वाटतं की पडलेलं उचललं तर काय बिघडलं. पण रानातून उचलून आणलेलं शिंगही घरात ठेवता येत नाही, विकणं तर लांबच. जुन्या घरांत ज्यांच्याकडे वाडवडिलांचं काही आहे, त्यांच्याकडे मालकीचा दाखला असावा लागतो. कोणी भंगारवाला किंवा औषधवाला शिंग मागायला आला, तर त्याला दारातून परत पाठवा.

तर भेकर गेलं. पण पेंढा भरायचं खूळ काही डोक्यातून जाईना. आणि खरं सांगायचं तर हे खूळ आपल्याला नवीन नाही. तुमच्यातल्या म्हाताऱ्यांना विचारा. म्हशीचं रेडकू किंवा गाईचं वासरू मेलं की त्याचं कातडं काढून, मीठ लावून, आत पेंढा भरून दूध काढायच्या वेळी तिच्यापुढे उभं करायचे. ती बिचारी चाटायची आणि पान्हा सोडायची. आमच्या आजेसासूबाई सांगायच्या, ते रेडकू धड रेडकासारखं दिसायचंही नाही, पाय म्हणजे चार काठ्या. म्हशीला वास पुरायचा. शाळेतल्या पोरांना मात्र वास पुरणार नव्हता, त्यांना डोळे लागणार होते.

ठरवलं की पाळलेल्या जनावरावर करून बघू. माघात देवाचा बोकड होता. खाटीक भाऊंनी कापून दिला. एरवी डोकं भाजून सूप-रश्शाला जातं, त्यामुळे डोक्याचं कातडं अख्खं काढायचं काम त्यांच्याही हाताचं नव्हतं. ते म्हणाले, तुम्हीच करा.

आता इथे एक सांगायला हवं. ते सांगताना आम्हाला लाज वाटते, पण ते गाळून पुढचं सांगितलं तर गोष्ट खोटी होईल. बोकडाचं मुंडकं पाटावर ठेवलं, सुरी ठेवली, आणि कोणी काही बोललं नाही. पण आमच्यातल्या बऱ्याचजणींच्या नजरा बौद्धवाडीतल्या आमच्या मावशींकडे गेल्या. मुद्दाम नाही. आपोआप. तेच जास्त वाईट.

मावशींनी ते पाहिलं. त्या आमच्या गटाचं रजिस्टर लिहितात. त्यांनी वही मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "बोकड तुम्ही आणलात, कातडंही तुम्हीच काढा. आमच्या आजेसासऱ्यांनी हे काम महाडला सोडलं. मी मापं लिहिते."

महाडचं चवदार तळं आपल्या सगळ्यांना माहीत आहे. १९ आणि २० मार्च १९२७ ला तिथे कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते. कुलाबा म्हणजे आपला आजचा रायगड. २० तारखेला तळ्याचं पाणी प्यायले, ते शाळेत शिकवतात. पण मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, असंही बाबासाहेबांनी त्याच परिषदेत सांगितलं होतं. आणि ज्याचं जनावर मेलं त्यानेच ते पुरावं, असं सवर्णांना सांगणारा ठरावही तिथे झाला होता. हे आमच्यातल्या अर्ध्याजणींना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि तेही एका बोकडाच्या मुंडक्यापुढे बसून. घर महाडपासून तासाभरावर, आणि माहिती मात्र तळ्यापर्यंतचीच.

मग सुरी आमच्या अध्यक्षांनी उचलली. त्यांचे हात थरथरत होते. नंतर प्रत्येकीने थोडं थोडं केलं.

आता काम कसं करतात आणि आम्ही कुठे चुकलो, ते ऐका. मानेच्या मागून चीर घेत शिंगांपर्यंत यायचं, शिंगांच्या बुडाशी फाटा करायचा आणि मोज्यासारखं कातडं पुढे ओढत आणायचं. डोळ्यांपाशी पापणी हाडाला चिकटलेली असते, तिथे एक केसभर चूक झाली की डोळा फाटला. आमचा डावा फाटला. ओठ आतून चिरून पातळ करायचे. कान हातमोज्याच्या बोटासारखे आतून बाहेर उलटायचे आणि आतली कुर्ची सोडवायची. कान आम्ही उलटलेच नाहीत. वाटलं, बारके तर आहेत, वाळतील तसेच.

मग मीठ. कातड्याच्या वजनाइतकं बारीक मीठ लागतं, चोळून चोळून, एकही सुरकुती सोडायची नाही. पाणी निथळू द्यायचं, दुसऱ्या दिवशी जुनं मीठ झटकून नवीन लावायचं. आमच्याकडे खडे मीठ होतं, तेच लावलं. शिवाय दुपारी जेवणं झाली, भांडी झाली, मग मीठ लागलं. मेलेल्या जनावराचं कातडं उन्हात काही तासच धीर धरतं. आत कुजायला सुरुवात झाली की केसांची मुळं सुटतात, आणि ते त्याच दिवशी दिसत नाही. आम्हाला ते आठ दिवसांनी दिसलं. तुरटी-मिठाच्या पाण्यातून कातडं काढून पिळलं आणि गालावरचे केस मुठीत आले.

तरी नेटाने पुढे गेलो. लाकडाच्या दांड्यावर भाताचा पेंढा सुतळीने आवळून डोकं केलं, वरून कागदाचा लगदा. मावशींच्या वहीत मानेचा घेर होता, डोक्याची लांबी होती, पण डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकापर्यंतचं अंतर कोणीच घेतलं नव्हतं. त्यामुळे आमच्या बोकडाचं नाक गाढवाएवढं झालं. डोळ्यांना पोरांच्या काचेच्या गोट्या लावल्या आणि मध्ये काळा गोल ठिपका रंगवला. मग सगळ्याजणी लांब जाऊन बघायला लागलो. काहीतरी भलतंच दिसत होतं. शेवटी एका पोराने सांगितलं, "हा माणसासारखा बघतोय." गोठ्यात जाऊन शेळीच्या डोळ्यात पाहिलं. तिची बाहुली आडवी, पोस्टाच्या पेटीच्या फटीसारखी. जन्मभर शेळ्या पाळल्या आणि डोळ्यात नीट पाहिलं नव्हतं!

वाळताना कातडं आकसतं, हेही माहीत नव्हतं. शिवण ताणली, ओठ मागे गेले, दात उघडे पडले. कान वाळक्या आमसुलासारखे झाले. शाळेत नेलं तेव्हा गुरुजींनी तोंडावर हात धरला. ते हसत होते हे आम्हाला दिसलं.

चैत्रात बचतीतून आम्ही मुंबई केली. वीर स्टेशनावरून गाडी धरली. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जे आधी प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम होतं आणि १९२२ साली उघडलं, तिथे काचेमागे जंगल उभं केलंय. बाकी लोक पुढे पुढे जात होते. आम्ही एकेका शिंगवाल्या जनावरापुढे दहा दहा मिनिटं उभ्या. कान बघ. पापणी बघ. नाकपुडीच्या आतला ओलसरपणा बघ, रंगवलाय तो. शिवण कुठे आहे ते शोधून सापडली नाही. पहारेकऱ्याला आमचा संशय आला असावा.

तिथेच एका शिक्षकांकडून डॉ. संतोष गायकवाडांचं नाव कळलं. परळच्या गुरांच्या डॉक्टरी कॉलेजात ते शरीररचना शिकवायचे. ह्याच संग्रहालयातली जनावरं बघून त्यांना ह्या कामाची ओढ लागली, आणि शिकवणारं कोणी नसताना ते स्वतःच शिकले. २००९ मध्ये बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वनविभागाचं केंद्र सुरू झालं. तिथे त्यांनी मेलेल्या वाघ, सिंह, बिबट्यांना उभं केलं. शिकार करून नव्हे, म्हातारपणाने, आजाराने गेलेली जनावरं. आता आत पेंढा नसतो. आधी जनावराच्या मापाचा साचा करतात, वर खरं असतं ते फक्त कातडं. हाडं, मांस, डोळे, जीभ, काहीच खरं नाही. हे ऐकून आमच्या एका काकूंना जरा फसवल्यासारखं वाटलं.

एक सावधगिरी मात्र लक्षात ठेवा. जुन्या काळी कीड लागू नये म्हणून कातड्याला आतून सोमल लावायचे, म्हणजे आर्सेनिक. तुमच्यातल्या कोणी जुन्या बंगल्यात, विश्रामगृहात सफाईला जात असाल आणि भिंतीवर जुनं मुंडकं असेल, तर ते उघड्या हाताने पुसू नका, फडका झटकू नका, हात साबणाने धुतल्याशिवाय तोंडात काही घालू नका. तुम्ही काम करता त्या घरच्या लोकांनाही हे माहीत नसतं.

आमच्या बोकडाला सोमल नव्हता. मृगाच्या पहिल्या आठवड्यात त्याला बुरशी आली, आषाढात भुंगेरे लागले, आणि श्रावणाआधी आम्ही त्याला परसात पुरला. ज्याचं जनावर त्यानेच. खड्डा अध्यक्षांनी आणि आम्ही दोघींनी खणला. मावशी छत्री धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "खोल खणा, कुत्री उकरतील."

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पुन्हा करणार आहोत. या वेळी कोंबडा घेणार आहोत. काही बाया म्हणतात बोकडच घ्या, कोंबड्याची पिसं त्रास देतील. अजून ठरलं नाही. मावशींच्या वहीत गेल्या वेळच्या पानावर तांबड्या पेनाने लिहिलंय: मीठ बारीक, जेवणाआधी. कान आधी उलटणे. डोळा ते नाक, माप घेणे. आणि खाली, सोलण्याची पाळी कोणाची, त्याची यादी. तिच्यात मावशींचं नाव नाही, बाकी सगळ्यांची आहेत.