समुद्राचा ताळेबंद
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील भाषण)



बँकेतल्या माणसानं सोलापुरात समुद्रावर बोलावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण बघा, उजनी भरणार की नाही हे ठरवणारा पाऊस हिंदी महासागराकडूनच येतो. तिथली वाफ, तिथले वारे. म्हणजे आपल्या टाकीतल्या पाण्याचं मूळ खातं तिकडे आहे!

हे खातं पहिल्यांदा नीट उघडलं ते १९५९ ते १९६५ या काळातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत. डझनभराहून जास्त देश आणि चाळीसेक जहाजं त्यात होती. आपल्या नौदलाचं ‘किस्त्ना’ही होतं. भारताच्या कार्यक्रमाची धुरा डॉ. एन. के. पणिक्कर यांच्याकडे होती. ते मूळचे प्राणिशास्त्रज्ञ. पण इथं काम होतं माणसं, देश आणि कागदपत्रं सांभाळण्याचं.

अडचण काय होती? प्रत्येक देशानं आपापल्या जाळ्यानं समुद्रातले सूक्ष्म जीव गोळा केले, तर आकडे एकमेकांशी जुळणार कसे? एका शाखेनं रुपयांत आणि दुसरीनं आण्यांत वही लिहिली तर ताळेबंद लागेल का? म्हणून सर्वांसाठी एकच प्रमाणित जाळं ठरलं आणि ते २०० मीटर खोलीपासून वर ओढायचं, हेही ठरलं. जमलेले नमुने कोचीनच्या केंद्रात येत. युनेस्कोच्या मदतीनं तिथं त्यांची वर्गवारी होई आणि मग ते तज्ज्ञांकडे जात. थोडक्यात, क्लिअरिंग हाऊसच म्हणा ना!

हवामानाच्या नोंदींसाठी मुंबईत कुलाब्याला आंतरराष्ट्रीय केंद्र उभं राहिलं. तिथं आपले डॉ. पी. आर. पिशारोटी आणि हवाई विद्यापीठाचे कॉलिन रॅमेज यांनी एकत्र काम केलं.

मोहीम संपली, जहाजं आपापल्या बंदरांत परत गेली. मागं काय उरलं? १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, तीच आज गोव्यात दोना पावला इथं आहे. तिचे पहिले संचालक पणिक्करच. पुण्याची उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थाही त्याच काळातली, १९६२ ची. अलीकडे आपल्या सोलापूरच्या आकाशात ढगांवर प्रयोग केले ते तिनंच.

मुलांनो, अशा प्रकल्पांत फक्त शास्त्रज्ञच लागतात असं समजू नका. परदेशी निधीचा हिशेब, कस्टममध्ये अडकलेलं उपकरण सोडवणं, जहाजाच्या तारखा, करार, ऑडिट हे सगळं कुणीतरी करतं. त्यांचं नाव छापून येत नाही. पण जहाज वेळेवर सुटलं नाही तर पावसाळा थांबत नाही. ते वर्ष हातचं जातं. वाणिज्य शाखेच्या मुलांनाही तिथं जागा आहे.

आणि आता मोठ्यांना एक स्पष्ट सांगतो. गेल्या सर्वसाधारण सभेत सचिवपदासाठी एकही नाव पुढं आलं नाही. पाणी सगळ्यांना हवं, टँकरच्या बिलाची फाईल कुणालाच नको! एकमेकांची भाषा न कळणारे देश एका जाळ्यावर एकमत करू शकले. आपण तर एका जिन्यानं चढतो-उतरतो. पंचवीस वर्षं ही सोसायटी मोजक्या चार-पाच जणांच्या वह्यांवर उभी आहे. पुढच्या पंचवीस वर्षांची वही तरुणांनी हाती घ्यावी, एवढंच मागणं.