मोटारीच्या रंगाची घरगुती निगा
(व्याख्यानाचा मजकूर)



गोव्यातील कोणत्याही गावी सकाळच्या प्रहरी एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. अंगणातील गाडी तांबड्या धुळीने माखलेली असते आणि घरातील कोणीतरी कोरडे फडके घेऊन ती मोठ्या आस्थेने पुसत असते. आस्था वाखाणण्याजोगीच, परंतु रंगाची पुष्कळशी हानी याच पुसण्याने होते. जांभ्या दगडाच्या मुलुखातील धुळीत बारीक खर असते आणि फडक्याखाली ती कानशीचे काम करते. उन्हात गाडीकडे तिरपे पाहिले असता कोळ्याच्या जाळ्यासारख्या ज्या रेघा दिसतात, त्या बहुधा या नित्यनेमाच्याच होत.

आजच्या बहुतेक गाड्यांवर रंग एकेरी नसतो. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर अस्तर, मग रंग आणि सर्वांत वर रंगहीन पारदर्शक थर अशी त्याची रचना असते. हे सारे मिळून मिलिमीटरचा सुमारे दहावा हिस्सा किंवा किंचित अधिक. वरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे बहुतेकांच्या केसाहूनही पातळ. ऊन आणि समुद्राचा खारा वारा प्रथम सोसतो तो हाच थर. तो झिजून गेला की पत्रा नव्याने रंगविण्यावाचून गत्यंतर नसते. ज्याचे घर टॅक्सीवर चालते त्याला हा खर्च किती जड जातो, हे सांगावयास नको. गाडी विकावयास काढली तरी गिऱ्हाइकाची पहिली नजर रंगावरच जाते.

पॉलिश आणि मेण ही एकच वस्तू समजण्याचा प्रघात आहे. वास्तविक पॉलिश हे घासणारे द्रव्य होय. रेघेभोवतीचा थर किंचित घासून सपाट केला की रेघ दिसेनाशी होते. राखेने समई घासावी, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की समई भरीव पितळेची असते आणि आजीपासून नातीपर्यंत घासली तरी पुरते. गाडीचा थर पुरत नाही. उलट, मेण काही काढीत नाही, वर पातळ पापुद्रा चढविते. त्यातील नामांकित कार्नौबा मेण ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळते. म्हणून पॉलिश क्वचित आणि मेण वारंवार, हे धोरण ठेवावे.

काम सावलीत, पत्रा हाताला थंड लागत असता करावे. प्रथम भरपूर पाणी ओतून धूळ वाहू द्यावी. नंतर दोन बादल्या घ्याव्यात. एकीत गाडीच्या शॅम्पूचे पाणी, दुसरीत फडके खळबळण्यासाठी स्वच्छ पाणी. धुणे टपापासून खाली यावे. भांड्यांच्या साबणाने चढविलेले मेण उतरते. रॉकेल वा डिझेलचा बोळा फिरवून आणलेली चकाकी तर दोन दिवसांची, आणि त्यावर धूळ अधिकच चिकटते. हे धुणे विहिरीच्या वा तळीच्या काठी करू नये. त्या पाण्यावर इतरांचाही हक्क आहे.

रेघेत नख अडकत असेल तर ती पॉलिशने जाणार नाही. तेथे हट्ट धरू नये. नख अडकत नसेल तर सर्वांत सौम्य पॉलिश घेऊन वीतभर जागेवर प्रयोग करावा आणि मनाजोगते झाले तरच पुढे जावे. एका वेळी दोन फूट जागा, हलका हात. दाराच्या व बॉनेटच्या कडांवर रंग पातळ असतो, तेथे चिकटपट्टी लावून घ्यावी. नवशिक्याने यंत्राच्या वाटेस जाऊ नये. जुन्या एकेरी रंगाच्या गाडीवर फडक्याला रंग लागणे स्वाभाविक आहे. नव्या गाडीवर तसे झाल्यास हात तत्काळ थांबवावा, कारण पारदर्शक थर तेथे संपलेला असतो. चमकरहित रंगावर पॉलिश अजिबात करू नये.

मेण मात्र कोणासही जमेल. मऊ स्पंजाने अगदी पातळ लावावे. जाड लावल्याने चमक वाढत नाही, पुसण्याचे कष्ट वाढतात. ते धुरकट दिसू लागले आणि बोट फिरविताच स्वच्छ निघाले, की मायक्रोफायबरच्या कोऱ्या फडक्याने पुसावे. काळ्या प्लास्टिकवर त्याचे पांढरे डाग राहतात. पावसाळ्यापूर्वी मे महिन्याच्या अखेरीस एकदा आणि पाऊस ओसरल्यावर दसऱ्यापूर्वी एकदा, एवढे तरी घडावेच. दसऱ्याच्या पूजेतील हळदकुंकू व ओली फुले दिवसेंदिवस तशीच ठेवू नयेत. पूजेचा मान राखून दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्याने अलगद काढावीत. पक्ष्यांची विष्ठाही अशीच, भिजवून, विनाविलंब काढावी. रंगाखाली गंजाचा फुगवटा दिसत असेल तर मेण त्यावर इलाज नव्हे, तेथे रंगाऱ्याचेच काम.

पुढील काचेला मेण लागल्यास पावसात वायपर फिरताच काच धूसर होते. ब्रेकच्या चकतीला लागले तर थेट जिवाशीच गाठ. तसे झाल्यास गाडी रस्त्यावर काढण्याआधी मेकॅनिकला घरी बोलावून ब्रेक दाखवावेत.