गाडीतल्या बाया

कॅलिफोर्नियात मी ज्या बायांबरोबर काम करते त्या गाडीत राहतात. घरभाडं परवडत नाही. बहुतेकींना नोकरी आहे; काहीजणी मारकुट्या नवऱ्याला सोडून आल्यात. उजेडात गाडी लावली तर पोलीस उठवतात, अंधारात लावली तर पुरुषांची भीती. रात्री लघवीला जागा नाही, म्हणून संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत. (आपल्या फुटपाथवरच्या बाईला हे नवं नाही.) लॉस एंजेलिस शहराची गाडीत राहण्यावरची बंदी न्यायालयाने २०१४ मध्ये रद्द केली. पुढे शहराने वस्तीतल्या रस्त्यांवर रात्री ९ ते सकाळी ६ मनाई केली. म्हणजे नेमकी झोपायची वेळ! सांता बार्बरात २००४ पासून रात्रीपुरते सुरक्षित वाहनतळ मिळतात. आमची मागणी तशाच तळाची आहे, आतून कडी लागणाऱ्या संडासासकट.