गर्भारपणातील रक्तदाब आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या गुलमंडी येथील पालक मेळाव्यात केलेले भाषण)



शिक्षकाने पालकांपुढे हजेरी आणि निकाल यांवर बोलावे अशी अपेक्षा असते. मी आज बाळंतपणावर बोलणार आहे. मी डॉक्टर नव्हे. परंतु ज्या मुलींना आम्ही शिकवतो त्याच काही वर्षांनी माता होतात.

बीबी का मकबरा आपण सहलीत मुलांना दाखवतो. तो ज्यांच्यासाठी उभारला त्या दिलरस बानू बेगम १६५७ मध्ये, शहजादा अकबरच्या जन्मानंतर महिन्याभरात, याच शहरात वारल्या. त्या रक्तदाबाने गेल्या असे माझे म्हणणे नाही. शाही घराण्यात हकीम व दाया यांची वाण नव्हती, एवढेच सांगावयाचे आहे. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याचे साधन इटलीत रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये तयार केले. आज ते गल्लीतल्या दवाखान्यातही असते, आणि तरी काही घरांत सून सातव्या महिन्यापर्यंत तपासणीस जात नाही!

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी आता लक्ष द्यावे. गर्भारपणात प्रोजेस्टेरॉनसारखी संप्रेरके, म्हणजे हार्मोन, वाढतात. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्या सैल पडतात, म्हणून मधल्या महिन्यांत दाब साधारणतः थोडा उतरतो. अँजिओटेन्सिन हे दाब चढविणारे संप्रेरकही वाढते; परंतु निरोगी गर्भवतीच्या रक्तवाहिन्या त्याला फारशी दाद देत नाहीत. काही स्त्रियांत मात्र वारेला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या पुरेशा रुंदावत नाहीत. उपाशी पडलेली वार मग आईच्या रक्तात घातक द्रव्ये सोडते. अशा एका प्रथिनाचा कार्यभाग बोस्टनमधील भारतीय वंशाचे डॉ. अनंत करुमांची व त्यांचे सहकारी यांनी २००३ मध्ये दाखवून दिला. त्यामुळे वाहिन्यांचे अस्तर बिघडते, त्या आकसतात, दाब चढतो आणि मूत्रपिंडातून प्रथिने लघवीवाटे जाऊ लागतात.

पाचव्या महिन्यानंतर दाब १४० वर ९० किंवा त्याहून अधिक भरला तर तो धोक्याचा इशारा होय. हा रोग बहुधा दुखत नाही, म्हणून सासूबाई म्हणतात, "चांगली चालती-फिरती आहे की!" पुढे तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली कळ, चेहऱ्यावर व हातांवर सूज, आणि अखेरीस झटके. झटके आले की आपल्याकडे कोणी "असर झाला" म्हणतो आणि ताविजाची शोधाशोध सुरू होते. दुआ अवश्य करावी, पण रुग्णालयाच्या वाटेवर करावी. झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन गुणकारी आहे. आणि रोगाचा खरा शेवट प्रसूतीनेच होतो. बाळंतपणानंतरही काही आठवडे धोका असतो, तेव्हा चाळिशीतली डोकेदुखी जागरणाच्या माथी मारू नये.

पहिलटकरीण, फार कोवळे वय, जुळे, मधुमेह, आधीपासूनचा दाब किंवा मागच्या खेपेस झालेला त्रास असेल तर धोका वाढतो. अशा काही स्त्रियांना डॉक्टर सुरुवातीच्या महिन्यांतच ॲस्पिरिनची लहान मात्रा देतात. ती आपल्या मनाने घेऊ नये. दहावी होताच मुलीचा निकाह उरकण्याची घाई करणाऱ्या पालकांनी ही यादी पुन्हा ऐकावी. कायद्याने अठरा वर्षे सांगितली आहेतच.

रोजाविषयी भगिनी विचारतात. आपल्या किंवा बाळाच्या जिवाला अपाय होण्याची भीती असेल तर गर्भवतीला रोजा सोडून नंतर कजा करण्याची मुभा शरीयतने दिलेली आहे. दाबाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.

गुलमंडीहून घाटी रुग्णालय रिक्षाने काही मिनिटांवर आहे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत चौथ्या महिन्यापासून पुढच्या गर्भवतींची मोफत तपासणी होते. अडीअडचणीला १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. नवऱ्याने त्या दिवशी दुकान दोन तास उशिरा उघडावे. तपासणीच्या कार्डावर दाबाचा आकडा दर खेपेस लिहून घ्यावा. घरात शाळकरी मुलगी असेल तर ते कार्ड तिच्याकडून वाचून घ्यावे. १४० आणि ९० हे आकडे तिला चांगले वाचता येतात.