काचपेटीतला आणि शेततळ्यातला शेजार

झरीकडच्या एका शेतकऱ्याने मागे मला विचारले, "सर, माझ्या शेततळ्यात रोहू-कटला आहेतच. पाहुण्यांनी घागरीतून चार चिलापी आणून दिल्यात. त्याही सोडल्या तर काय बिघडेल?" प्रश्न साधा, पण उत्तरासाठी मला माझीच जुनी फजिती सांगावी लागली.

मुलांना दाखवावे म्हणून मी महाविद्यालयात चार फुटी काचपेटी भरली होती. तीत तळ्यातले बारके मासे, आणि चिलापीची एक जोडी. आठवडाभर सगळे गुण्यागोविंदाने राहिले. मग नराने तळाच्या वाळूत पसरट खळगा केला, आणि त्या दिवसापासून अर्धी पेटी त्याची झाली! जवळ येईल त्याला ढुशी. बाकीचे बिचारे एका कोपऱ्यात, शेपट्या फाटलेल्या. मी आपला चारा वाढवत राहिलो. भांडण चाऱ्याचे नव्हतेच, जागेचे होते; हे ध्यानात येईतो निम्मे मासे गेले.

चिलापी, म्हणजे तिलापिया, ही सिक्लिड कुळातली. अंड्यापिलांची राखण करणे हा या कुळाचा स्वभाव. कोकणच्या खाड्यांतले कालुंदर याच कुळातले, पण ते आपले देशी. चिलापी मूळची पूर्व आफ्रिकेकडची; १९५२ साली ती भारतात आणली गेली. हिची मादी अंडी तोंडात धरते. पिले बाहेर पडल्यावरही धोका दिसला की पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. एवढे जपल्यावर मरणार किती? त्यातून ही दोन-तीन महिन्यांत वयात येते आणि वर्षातून अनेकदा विते. आज सोडलेल्या चारांनी पुढल्या वर्षी तळे तळहाताएवढ्या माशांनी गजबजते. रोहूच्या तोंडचा घास त्या खातात, आणि स्वतःही वाढत नाहीत. १९५९ मध्ये तिच्या प्रसारावर बंदी आली, पण तोवर ती पुष्कळ पाण्यांत पोचली होती. आज नुसते नर वाढवण्याची पद्धत आहे. मात्र त्यासाठी परवानगी लागते.

मग शेततळ्यात एकत्र काय नांदते? कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. एका वाड्यात तीन बिऱ्हाडे, चुली निराळ्या! पाणी आठ-दहा महिने टिकत असेल तर दहा गुंठ्यांच्या तळ्याला पाचशे बोटुकली पुरेत: कटला दोनशे, रोहू दीडशे, मृगळ दीडशे. आधी तळ्यात मरळ नाही ना, तेवढे जाळे ओढून पाहा. मरळ चवीला उत्तम, पण बोटुकलीचा काळ आहे.

शिक्षक बंधू-भगिनींनो, शाळेत मोठी काचपेटी ठेवणार असाल तर दुकानात रंगावर भाळू नका. मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो, ते आधी विचारा. दक्षिण अमेरिकेतला ऑस्कर बोटभर असताना गोजिरवाणा दिसतो, पण तो फूटभर होतो आणि तोंडात मावेल तो शेजारी गिळतो. पाण्याचेही पाहावे. आपल्याकडे पुष्कळ बोअरचे पाणी जड. भांड्याला पांढरा थर धरतो. आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या सिक्लिडांना असेच पाणी मानवते. ॲमेझॉनकडच्या डिस्कसला मऊ पाणी हवे. दोघांना एका पेटीत ठेवले तर एकाचे हाल ठरलेलेच. मलावीचे ठेवायचे तर तेच ठेवा, आणि दगड रचून भरपूर कपारी करा, म्हणजे मार खाणाऱ्याला लपता येते. जोडीने अंडी घातली की इतरांना दुसरीकडे हलवण्याची सोय आधीच हवी. माझ्याजवळ ती नव्हती.

शेतकऱ्याने सगळे ऐकून घेतले. म्हणाला, "मग घागरीतल्या त्या चार? ओढ्यात सोडू?"

"छे! ओढा पुढे दुधनेला मिळतो. आज संध्याकाळी कालवण करा."