आठवड्याची बेगमी

(मंडळाच्या वार्षिक कुटुंबमेळाव्यात झालेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी आजच्या सभेपुढे चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा कोणता विषय घ्यावा याचा आम्हांस फार विचार करावा लागला नाही. शिक्षण, शिष्यवृत्त्या, लग्नकार्यातील खर्च हे विषय या व्यासपीठावर दरवर्षी येतात, आणि ते यावेतच. परंतु ज्यावाचून कोणत्याही घराचा एक दिवसही जात नाही, त्या स्वयंपाकाविषयी सभेत क्वचितच कोणी बोलते. विषय क्षुल्लक आहे म्हणून तो मागे राहतो असे नव्हे; तो घरातील बाईचा आहे असे आपण धरून चालतो, म्हणून तो मागे राहतो. आज आम्ही तोच हाती घेतला आहे.

आपल्या ज्ञातीतील किती घरे आज डोंबिवली, बदलापूर, विरार अशा ठिकाणी राहतात आणि पोटासाठी रोज मुंबईस येतात, हे आपणांस सांगावयास नको. घरातील पुरुषाप्रमाणेच स्त्रीही सकाळी गाडी गाठते आणि दिवेलागणीनंतर घरी परतते. पहाटे उठून तीन-चार डबे भरणे आणि रात्री आल्याबरोबर पुन्हा गॅस पेटविणे, हा तिचा नित्यक्रम. मुंबईतील डब्यांची प्रसिद्ध व्यवस्था महादेव हावजी बच्चे यांनी १८९० साली सुरू केली. डबेवाला दाराशी येई तो घरधनी कामावर गेल्यानंतर, आणि डबा हाती देण्यास घरात कोणीतरी असे. त्या व्यवस्थेचा पायाच तो होता. आज कित्येक घरांच्या दारास त्या वेळी कुलूप असते. घर बदलले आहे. स्वयंपाकाची रीत मात्र आपण बदललेली नाही.

याचा भार कोणावर पडतो, तेही पाहू. केंद्र सरकारने २०१९ साली देशभर लोकांच्या वेळेच्या विनियोगाची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास देतात, आणि जे पुरुष घरकाम करतात ते ९७ मिनिटे देतात, असे तीत आढळले. नोकरी करूनही ज्या भगिनीस हे तास काढावे लागतात, ती ते आपल्या झोपेतून काढते. आणि जेव्हा झोपेतूनही निघत नाहीत, तेव्हा मुलांच्या हाती बिस्किटाचा पुडा किंवा दोन मिनिटांच्या शेवया येतात, आणि रात्री बाहेरचे तळकट मागविले जाते. मधुमेह आणि रक्तदाब यांनी आज आपल्या घरांत जे ठाण मांडले आहे, त्यास चुकीचा आहार हे एकच कारण नसले तरी ते मोठे कारण आहे खास.

यावर उपाय म्हणून जेव्हा कोणी "आधी करून ठेवावे" असे सुचविते, तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून एकच शब्द निघतो : शिळे. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात पर्युषित अन्नाची गणना तामस आहारात केली आहे, आणि ज्या काळी अन्न थंड ठेवण्याचे साधन नव्हते त्या काळी हा दंडक शहाणपणाचाच होता. परंतु त्याच आपल्या परंपरेत शीतळासातमीस चूल न पेटविता आदल्या दिवशीचे अन्न खाण्याचा आचार आहे, आणि प्रवासास निघताना दुधात मळलेल्या दशम्या बांधून देण्याची चाल आहे. अर्थात आपल्या पूर्वजांना अन्न केव्हा शिजविले एवढेच ठाऊक नव्हते. कोणते अन्न कसे राखले असता टिकते, हेही त्यांना पक्के ठाऊक होते. दुर्लक्षाने उरलेले ते शिळे, आणि योजून राखलेले ती बेगमी. हा भेद एकदा ध्यानी आला की निम्मा वाद मिटतो.

बेगमी हा आपल्या आज्यांचा शब्द. उन्हाळा आला की सांडगे, पापड, कुरडया यांची वाळवणे पडत. आमसुले सुकत, कुळीथ भाजून दळला जाई, गोडा मसाला कुटला जाई, लोणच्यांच्या बरण्यांना दादरे बांधले जात. पावसाळ्याचे चार महिने भाजी मिळो न मिळो, घर उपाशी राहत नसे. त्यांनी वर्षाची बेगमी केली. आपणांस आठवड्याची करावयाची आहे, एवढाच फरक. तिचे तीन भाग पाडावेत असे आम्ही सुचवितो.

पहिला भाग महिन्याचा, आणि तो कोरड्या जिनसांचा. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, कुळथाचे पीठ, भाजलेला रवा, दाण्याचा कूट, तिळाची, जवसाची व कारळ्याची चटणी. ही सर्व कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात महिनाभर सहज राहतात. यांपैकी भाजणीचे महत्त्व विशेष. तृणधान्यातील प्रथिनांत जे घटक उणे असतात ते डाळीत असतात, आणि डाळीत जे उणे ते तृणधान्यात. ज्वारी, बाजरी, तांदूळ यांच्या जोडीस हरभराडाळ व उडीद घालणाऱ्या आपल्या आजीने हे शास्त्र पुस्तकावाचून साधले होते. रात्री आठ वाजता घरी आलेली स्त्री कांदा-कोथिंबीर घालून भाजणी भिजविते, आणि पाऊण तासाच्या आत थालीपीठ व दही पानात पडते. कुळथाच्या पिठीस तर एवढाही वेळ लागत नाही.

दुसरा भाग आठवड्याचा. याकरिता रविवारचे दोन तास घरातील सर्वांनी मिळून द्यावेत. मटकी, मूग, चवळी, वाल यांपैकी दोन कडधान्ये शनिवारी सकाळी भिजत घालावीत, रात्री फडक्यात बांधावीत. उन्हाळ्यात रविवारी मोड येतात, थंडीत अर्धा-एक दिवस अधिक लागतो. मोड आल्याने क जीवनसत्त्व वाढते आणि धान्यातील लोह अंगी लागण्यास साहाय्य होते. कांदा-टोमॅटोचा मसाला परतून ठेवावा. ओल्या खोबऱ्याचे वाटण लहान लहान वाट्यांत घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवावे. लसूण सोलून, पालेभाजी निवडून कोरडीच ठेवावी. ती धुणे व चिरणे आयत्या वेळी करावे, कारण चिरून ठेवलेल्या आणि पाण्यात भिजत पडलेल्या भाजीचे सत्त्व जाते. फरसबी, गाजर, कोबी अशा भाज्या एक-दोन दिवस आधी चिरल्या तरी चालतात. इडली-डोशाचे आंबलेले पीठ शीतपेटीत तीन-चार दिवस राहते.

तिसरा भाग रोजचा, आणि तो मुद्दाम लहान ठेवावयाचा. पोळी किंवा भाकरी, भात, कोशिंबीर आणि फोडणी. ताज्या अन्नाचा जो आनंद म्हणतात, तो बहुतांशी याच चार गोष्टींत असतो. आधी केलेल्या उसळीवर ताजी कोथिंबीर व लिंबू पडले आणि शेजारी तव्यावरची पोळी आली, की कोणीही त्या पानास शिळे म्हणणार नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, ती जपणुकीची. शिजलेल्या अन्नात रोगजंतू वाढतात ते साधारण ५ ते ६० अंश सेल्सियस उष्णतेच्या दरम्यान. म्हणून अन्न एकतर कडकडीत असावे, नाहीतर थंडगार. कोमट अवस्थेत ते फार काळ राहू नये. शिजविलेले पातेले ओट्यावर रात्रभर ठेवू नये. उथळ भांड्यांत काढून दोन तासांच्या आत, आणि वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हाळ्यात तासाभरातच, शीतपेटीत ठेवावे. उसळ, आमटी, भाजी तीन दिवसांत संपवावी. त्या दिवशी लागेल तेवढीच काढून वाफा येईपर्यंत गरम करावी आणि उरल्यास पुन्हा ठेवू नये. भाताविषयी विशेष सावध असावे. भातातील एका जंतूची बीजे उकळण्यानेही मरत नाहीत, आणि भात बाहेर राहिला तर त्यांपासून जे विष तयार होते ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. सबब भात ताजा करावा हे उत्तम; उरलाच तर लवकर थंड करून दुसऱ्या दिवशीच फोडणीस टाकावा. ज्या घरांत मासळी होते, तेथे कच्ची मासळी शिजलेल्या अन्नाच्या खालच्या कप्प्यात झाकून ठेवावी.

डब्याचाही विचार येथेच करू. सकाळी सातला भरलेला डबा दुपारी एकला उघडतो. हे सहा तास तो कोमटच असतो. म्हणून डब्यात सुकी भाजी, पोळी, थालीपीठ, कोरडी चटणी, अखंड फळ असे द्यावे. नारळाचे वाटण घातलेली पातळ भाजी, दूध-दह्याचे पदार्थ व भात हे रात्रीच्या जेवणास राखावेत. न्यावयाचेच असतील तर उष्णता राखणाऱ्या डब्यात उकळते पाणी घालून तो आधी तापवावा आणि मग वाफाळते अन्न भरावे. वाफाळते अन्न प्लास्टिकच्या डब्यात कधीही घालू नये. स्टीलचा डबा बरा.

पानात काय असावे, याचे प्रमाण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली नव्याने सांगितले आहे. २,००० उष्मांकांच्या दिवसभराच्या आहारात सुमारे २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे आणि ३०० मिलिलिटर दूध असावे, असे ती सांगते. मीठ ५ ग्रॅमांच्या आत. आपल्या नेहमीच्या पानाशी हे ताडून पाहावे. भात-पोळीचा ढीग मोठा आणि भाजी डाव्या-उजव्या बाजूस चमचाभर, असेच बहुधा दिसेल. आठवड्याची बेगमी करताना भाजी व कडधान्य आधी योजावे आणि धान्य मागाहून, म्हणजे हा तोल आपोआप सुधारेल. लोणचे-पापड ही आपली परंपरा खरी, पण त्यांतील मीठ ध्यानात घेऊन ती चवीपुरतीच असावीत.

ज्ञातिबंधूंनो, आता दोन शब्द केवळ आपणांसाठी. वर सांगितलेले रविवारचे दोन तास जर पुन्हा घरातील एकट्या स्त्रीनेच द्यावयाचे असतील, तर या भाषणाने तिचे ओझे हलके न होता वाढेलच. तिचा एकुलता एक सुट्टीचा दिवसही आपण तिच्याकडून काढून घेऊ. भाजी आणणे, लसूण सोलणे, कडधान्य भिजत घालणे, डब्यांवर तारीख लिहून चिठ्ठी लावणे, यांत असे कोणते काम आहे की जे पुरुषास किंवा बारा वर्षांच्या मुलास साधणार नाही? पंक्तीस वाढण्यास कमरेला उपरणे बांधून उभे राहणारे आपण घरच्या ओट्याशी का लाजावे? मुलगा आणि मुलगी दोघांनाही एकाच विळीवर बसवावे, म्हणजे पुढील पिढीत या विषयावर भाषण करण्याची वेळ कोणावर येणार नाही.

शेवटी मंडळास एक सूचना. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी मुंबईत खानावळी चालविणाऱ्या कष्टकरी स्त्रियांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. एकेकट्या स्वयंपाकघरातील श्रम एकत्र आले की त्यांस केवढे बळ येते, याचा तो वस्तुपाठ आहे. आपल्या ज्ञातीत अनेक वयस्क भगिनी अशा आहेत की ज्यांच्या हाती भाजणीचे आणि गोड्या मसाल्याचे अचूक प्रमाण आहे, पण ते घ्यायला घरी कोणी नाही. दुसरीकडे नोकरी करणाऱ्या तरुण सुना-मुली आहेत, ज्यांना ते हवे आहे पण वेळ नाही. मंडळाच्या महिला-शाखेने महिन्यातून एकदा भाजणी, मेतकूट, कुळीथपीठ सामुदायिकरीत्या करावे, त्याचा रास्त मोबदला करणाऱ्या भगिनींना द्यावा, आणि ते प्रमाण पुढील वर्षीच्या स्मरणिकेत छापावे. एकीस मान व मिळकत, दुसरीस उसंत, असा हा उभयपक्षी लाभाचा व्यवहार होईल.

अन्नास आपण पूर्णब्रह्म म्हणतो. ते सिद्ध करणारीस बसून, निवांत, सर्वांबरोबर चार घास खाता यावेत, एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप. येत्या रविवारी प्रत्येक घरात निदान एका कडधान्यास मोड यावेत, आणि ते भिजत घालणारा हात या वेळी घरातील पुरुषाचा असावा, एवढी आमची विनंती आहे.