गिरणगाव वसविणाऱ्यांचे कुलवृत्तांत



माझे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात पुष्कळ झाले. त्यामुळे आजच्या विषयाची मांडणी पंडिती थाटाची होईल अशी अपेक्षा आपण ठेवू नये. चालकांनी मला विषय दिला तो ‘पूर्वजांचे स्मरण’ असा. मी त्यांना म्हटले, पूर्वजांचे स्मरण आपण पितृपंधरवड्यात करतोच. मला मुंबईच्या गिरणगावात जाऊन ज्यांनी प्रथम बिऱ्हाडे मांडली त्यांच्याविषयी, म्हणजे या घाटावरच्या मुलखातून आणि खाली कोकणातून गेलेल्या आपल्याच आज्या-पणज्यांविषयी बोलू द्या. त्यांनी ते मान्य केले, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

आपल्याकडे कुलवृत्तांत लिहिण्याची चाल आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कित्येक घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापून काढले. मूळपुरुष कोण, तो कोणत्या गावाहून निघाला, वतन कोणते मिळाले, कुलदैवत कोणते, शाखा कोठे कोठे पसरल्या, हे सारे त्यांत सापडते. ज्यांनी छापले नाहीत त्यांतल्या अनेकांची नावे नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आहेत. आणि आपल्या या दक्षिण भागात हेळवी वह्या घेऊन दारोदार येत आले व घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवीत आले. या परंपरेची टिंगल करण्यासाठी मी उभा नाही. उलट, एवढी माणसे एवढी वर्षे नावे टिपून ठेवीत राहिली याचे मला कौतुकच आहे. पण तिच्यात एक गोष्ट ठरून गेली आहे. ज्याला वतन मिळाले तो मूळपुरुष झाला. ज्याला नुसते खाते मिळाले, म्हणजे गिरणीतले रिंग खाते किंवा साचेखाते, त्याच्यापासून कोणी वंशावळ सुरू करीत नाही. आणि खरे पाहता पुष्कळ घरांची आजची सारी हकिगत सुरू होते ती तेथूनच.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला ती गिरणी चालू झाली. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी जाऊ लागली. त्यानंतरच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, भायखळा, वरळी, शिवडी या भागांत गिरण्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या सावलीत चाळी. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. आपण ‘पहिले’ असे म्हणतो तेव्हा गिरण्यांच्या वस्तीतले पहिले, एवढाच त्याचा अर्थ. मुंबई बेटावर कोळी, आगरी, भंडारी आधीपासून होते. त्यांच्या वाड्या आणि शेते मोडूनच हे नवे गाव बसले. मूळपुरुषाचा अभिमान धरताना त्याच्या आधी तेथे कोण होते हे विसरू नये, नाहीतर आपण त्याच वतनदारांच्या पंक्तीला जाऊन बसू.

१९२१ सालच्या खानेसुमारीत मुंबईत राहणाऱ्या दर शंभर माणसांपैकी ऐंशीहून अधिक माणसे शहराबाहेर जन्मलेली होती. म्हणजे हे शहर बाहेरून आलेल्यांचेच. कोण आली ही माणसे? कोकणातला कुळवाडी आला, कारण चार भावांत वाटलेल्या वरकस जमिनीवर चार चुली पेटत नव्हत्या. घाटावरचा आला, कारण पाऊस हुलकावणी देई आणि सावकार देत नसे. कोकणातले पुष्कळ आगबोटीने येत. घाटावरचे गाडीने येत, आणि गाडीभाड्याचे पैसे नसतील तर पायी येत. अण्णाभाऊ साठे वाटेगावाहून वडिलांबरोबर पायी मुंबईस गेले, ही गोष्ट आपण त्यांच्या चरित्रात वाचतो आणि हळहळतो. पण अण्णाभाऊ लिहिणारे निघाले म्हणून ती वाट आपल्याला ठाऊक झाली. त्याच वाटेने गेलेल्या इतरांच्या पायांचे काय? त्यांची नातवंडे आज याच सभेत बसली असतील.

मुंबईत उतरल्यावर माणूस जाई कोठे? गावकीच्या खोलीत. एकेका गावाची मंडळी मिळून चाळीत एक खोली भाड्याने घेत. दरमहा वर्गणी ठरलेली. भिंतीला लागून पत्र्याच्या पेट्यांची रांग आणि दोरीवर कपडे. पाळीवरून एक उठला की त्याच जागेवर दुसरा निजे. जेवण खानावळवाल्या बाईकडे. पुढे १९२० नंतर सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी येथे मोठ्या चाळी बांधल्या. त्यांतील खोली एकशे साठ चौरस फुटांची. त्या मापाच्या खोलीत संसारही झाले आणि पाहुणेही राहिले. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, शाळेची कौले, विहिरीची डागडुजी यांसाठीच्या वर्गण्या या खोल्यांतून जमत. आपल्या गावातल्या देवळाच्या पायरीवर ‘मुंबईकर मंडळी’ असे कोरलेले असेल तर ती मंडळी म्हणजे हीच. त्या मंडळांच्या जमाखर्चाच्या वह्या अजून कोठे कोठे शिल्लक आहेत. कोण केव्हा आला, कोणाची वर्गणी कधी थकली, आणि ती का थकली, हे त्यांत दिसते. १९२८ साली सहा महिने संप चालला. त्या साली वर्गणीच्या रकान्यात काय असेल, हे इतिहासाचे पुस्तक सांगत नाही, वही सांगते.

आता घराघरांत या लोकांच्या गोष्टी सांगितल्या जात नाहीत असे नाही. सांगितल्या जातात. पण कशा? आजोबा नेसत्या धोतरानिशी आले, कष्ट केले, कोणापुढे वाकले नाहीत, आणि १९०८ साली लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणीतून पहिले बाहेर पडले. प्रत्येकाचे आजोबा पहिले बाहेर पडले. दारात एवढी गर्दी झाली तर बाहेर पडणार कोण, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

माझे म्हणणे असे आहे की अशा ओवाळण्याने पूर्वजांचा मान राहत नाही. ते कसे जगले हे नीट टिपले तर राहतो. आजोबा जॉबरला पैसे चारून कामावर लागले असतील तर तसे लिहावे. भरती जॉबरच्या हाती होती आणि रोज सकाळी दारावर बदलीवाले उभे असत. त्याला खूश केल्याशिवाय उभ्याचे बसणे होत नसे. पठाणाचे कर्ज असेल तर तेही लिहावे. साचेखात्यात आपल्या जातीला प्रवेश होता की नव्हता हे तर लिहावेच लिहावे. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्याचे दार बंद होते, आणि त्या खात्यातली मजुरी अधिक होती. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर मांडला. एकाच चाळीच्या दोन टोकांना राहणाऱ्या दोन घरांच्या गोष्टी म्हणून वेगवेगळ्या होतात. दोन्ही लिहिल्या तरच गिरणगाव कळेल. आणि संप फोडून आत गेलेला एखादा चुलता असेल, तर त्याला घरातून जसा वाळीत टाकला तसा कागदावरूनही टाकू नये. त्या आठवड्यात त्याच्या घरी कोण आजारी होते, ते विचारावे. युनियनचा माणूस असून मी हे सांगतो आहे.

सर्वांत मोठी गळती बायकांच्या बाबतीत झाली आहे. वंशवृक्षाला सगळ्या फांद्या पुरुषांच्याच. जणू झाड पाण्यावाचून वाढले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारली, आणि त्यांच्या खटपटीने १८९० च्या जून महिन्यात आठवड्याची सुट्टी मिळाली, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच साली एप्रिलमध्ये महालक्ष्मीजवळ दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या, एवढे एक वाक्य पुस्तकांतून वाचावयास मिळते. दहा हजार पुरुषांपुढे, त्या काळात, उभ्या राहून बोललेल्या त्या बाया कोणाच्या तरी पणज्या असतील! घरात त्यांची आठवण कोणी ठेवली असती तर?

आणि ज्या मुंबईला गेल्याच नाहीत त्यांचे काय? नवरा गिरणीत, आणि ही येथे; शेत, म्हातारी सासू, दोन गुरे आणि दरमहा येणारी किंवा न येणारी मनीऑर्डर. मनीऑर्डरच्या कुपनावर चार ओळी लिहावयास जागा असे. ‘पैसे पाठविले, खत घ्यावे, पोराला शाळेत घालावे, तब्येत बरी आहे.’ कित्येक संसार या चार ओळींवर चालले. म्हणून मी म्हणतो की गिरणगावची हकिगत अर्धी मुंबईत आहे आणि अर्धी आपल्या माळ्यावर. मुंबईतली अर्धी बरीचशी पुसली गेली. १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तो रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्या जागी आता उंच इमारती आहेत. आपल्याकडची अर्धी हकिगत, जुने घर पाडून स्लॅब टाकताना, भंगारवाल्याच्या गाडीवर चढते आहे.

ही नुसती हळहळीची बाब नाही. गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांसाठी घरे बांधण्याची योजना झाली तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर जो पटावर होता तो, अथवा त्याचा वारस, पात्र ठरला. लाखाच्या वर अर्ज आले. अर्जासोबत पुरावा हवा: तिकीट, पास, पगारचिठ्ठी, विम्याचे कार्ड, भविष्यनिर्वाह निधीचा कागद. असे अर्ज भरून देण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. एका घरातून मुलगा आला. वडिलांचा हार घातलेला फोटो त्याच्यापाशी होता. गिरणीचे नाव ठाऊक होते. पण खाते कोणते, पाळी कोणती, नंबर काय, काही ठाऊक नाही. बरोबर म्हातारी आई आली होती. ती दारापाशी बसून होती. मी तिला विचारले तसा तिने खात्याच्या नावासकट नंबर धडाधड सांगितला. अक्षरओळख नव्हती, आकडे तेवढे येत होते. म्हणाली, “डब्याच्या झाकणावर रंगवलेला होता, वीस वर्षं घासला.” त्या नंबरावरून पुढचे कागद शोधता आले. मुलगा आईकडे पाहतच राहिला. पन्नास वर्षे एका घरात राहून त्याने हे कधी विचारले नव्हते.

तेव्हा विचारावे कसे, याबद्दल दोन शब्द. म्हाताऱ्या माणसाला ‘साल कोणते’ असे विचारू नये; त्याला साल आठवत नाही आणि तो ओशाळतो. त्याला घटना विचाराव्यात. तुमचे वडील सांगत ते प्लेगच्या आधीचे की नंतरचे? रामदास बोट बुडाली तेव्हा घरातले कोण मुंबईस होते? म्हणजे ते १९४७ चा जुलै झाले. कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे तुम्ही कोठे होता? ते १९६७ चा डिसेंबर. बहात्तरच्या दुष्काळात मनीऑर्डर वाढली की थांबली? असे खुंटीला दावे बांधत गेले की हकिगत आपोआप जागेवर येते. दुसरे, जे सांगितले ते सांगणाऱ्याच्याच शब्दांत लिहावे. त्याला शाळामास्तरी भाषेचा कोट चढवू नये. तिसरे, नात्याच्या बाहेरची माणसे गाळू नयेत. १९२६ च्या सुमारास गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने आणि त्यांच्या पत्नी काशीबाई यांनी रस्त्यावर सापडलेले एक मूल घरी आणले आणि त्याला आपले नाव दिले. तेच कवी नारायण सुर्वे. गिरणगावात रक्ताच्या नात्याइतकेच खोलीचे नाते होते. पुतण्याला ज्याने खोलीत जागा दिली, नोकरीला लावले, आजारात केईएमला नेले, तो परगावचा माणूस वंशावळीत बसत नसेल तर वंशावळीचा कागद मोठा घ्यावा.

मीना मेनन आणि नीरा आडारकर या दोघींनी गिरणगावातल्या शंभराच्या घरातल्या माणसांच्या तोंडून ऐकलेल्या आठवणींचे पुस्तक २००४ साली प्रसिद्ध केले. फार मोलाचे काम आहे. पण अडीच लाखांपैकी शंभर! आणि संपाच्या वेळी जो पंचविशीत होता तो आज सत्तरीच्या घरात आहे.

उद्या सकाळी नऊपासून दुपारच्या एस.टी.पर्यंत मी वाचनालयाच्या खालच्या खोलीत बसणार आहे. ग्रंथपालांनी एक मोठी वही आणून ठेवली आहे. घरात कुपने असतील, पास असेल, मंडळाची पावती असेल, नुसता डबा असेल तरी आणावा. काहीच नसेल तर म्हातारीला रिक्षात घालून आणावी. भाडे मी देईन.